मुंग्या येतात, चालवून घेऊ नका

नमस्कार, श्रोतेहो.

मी पुण्यात वायरमनचं काम करतो. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आजींनी मला पंख्याचा रेग्युलेटर बदलायला बोलावलं होतं. काम झालं, हात धुवायला मोरीत गेलो, तर वॉशिंग मशीनसमोर रबरी स्लिपरचा जोड मांडून ठेवलेला. आजी म्हणाल्या, "अरे, ती घालूनच कपडे काढायचे. नाहीतर हाताला मुंग्या येतात. दोन वर्षं झाली, सवय झालीय आता."

मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला, तो पेटला. बोर्ड उघडला तर अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी वायर टेप गुंडाळून मागे सारलेली. बोर्ड बदलताना कुणी ती जोडलीच नव्हती. वायर जोडली, मेन स्विचपाशी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला आणि मशीन सुरू केलं. तत्क्षणी आरसीसीबीचा खटका पडला, वीज गेली. मशीनच्या आतली एक वायर उंदरांनी कुरतडून उघडी केली होती.

श्रोतेहो, फ्रिजला, नळाला, गीझरला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ती वस्तू वापरणं त्याच क्षणी थांबवा. आज पाय कोरडे आहेत म्हणून मुंग्यांवर भागतं. उद्या फरशी ओली असेल.

थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब आणि जाड का असते? प्लग लावताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, म्हणून. ती पिन मोडून प्लग टू-पिनमध्ये खुपसलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे की," असं घरोघरी ऐकतो. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी माणसाला करंट लागल्यावर पडेल या भरवशावर राहू नका. जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाइतकाही करंट पुरतो. आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो की नाही, हे तो पाहतो. मधेच कुठे गळती झाली, तर घरी बसवायचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. पैसे वाचवायचे तर झुंबरात वाचवा, यात नको.

पावसाळ्यात आणखी एक. पत्र्याच्या खोल्यांमध्ये कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधतात. विजेची वायर पत्र्यावर घासून सोलली, की पत्र्यातून करंट त्या तारेत उतरतो आणि ओला कपडा टाकणाऱ्याला धरतो. सोडवायला धावलेला दुसराही चिकटतो. तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. दहा मिनिटांचं काम आहे.

कुणाला करंट लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या पाटावर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा. रस्त्यात तार तुटून पडलेली दिसली, तर लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

हा कार्यक्रम संपला की आपल्या मेन स्विचपाशी जा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. फ्रिज, कॉम्प्युटर बंद करून ते दाबा. खटका पडला तर ठीक, पुन्हा वर करा. नाही पडला, तर वायरमनला आजच बोलवा. आणि आरसीसीबी सापडलाच नाही, तरीही आजच.