पोट बघा, पंख नंतर

[पडद्यावर: दोन फोटो, शेजारी शेजारी]

घाणेरीच्या फुलांवर बसलेली ही दोन फुलपाखरं. पंख काळे, मागच्या पंखांवर मधोमध पांढरे ठिपके, कडेला लालसर चंद्रकोरी. शेपट्याही सारख्याच. डावीकडचं कॉमन रोज. उजवीकडे कॉमन मॉरमॉनची मादी.

आता पंख विसरा आणि अंगाकडे बघा. डावीकडच्याचं डोकं आणि पोटाचं टोक लालभडक आहे. उजवीकडची डोक्यापासून टोकापर्यंत काळी.

पाऊस ओसरला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "हे कोणतं?" म्हणून फोटो यायला लागतात, त्यात ही जोडी हमखास असते. आणि फोटोत नेमकं अंगच दिसत नाही. पंख एवढे देखणे, की कॅमेरा तिकडेच वळतो.

[पडद्यावर: सापसंदीचा वेल, पानावर अळी]

कॉमन रोजची अळी सापसंदीच्या विषारी वेलावर वाढते. ते विष पुढे फुलपाखरातही राहतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या वाटेला जात नाही. मॉरमॉनची अळी मात्र आपल्याच अंगणात, कढीपत्त्यावर नाहीतर लिंबावर पोसलेली. तिच्याकडे विष नाही, म्हणून मादीने विषारी शेजारणीचा वेश घेतला. अशा सोंगाचा उलगडा इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी 1862 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून केला. म्हणून त्याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात.

उडत्या फुलपाखराचे पंखच आधी नजरेत भरतात. तेवढं सोंग पुरलं असावं. पोट लाल करण्याची वेळच आली नाही, आणि ओळख पटवणाऱ्यांचं फावलं.

[पडद्यावर: क्रिमसन रोज, मग मॉरमॉनची तीन रूपं]

मॉरमॉनची मादी एवढ्यावर थांबत नाही. तिचं एक रूप क्रिमसन रोज या दुसऱ्या विषारी फुलपाखराची नक्कल करतं: पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्यांवर लाल ठिपके. या रूपाला रोम्युलस म्हणतात. तिसरं रूप सरळ नरासारखं, काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. नर मात्र सगळे एकाच साच्याचे. एकाच आईच्या दोन मुली दोन वेगळ्या जातींच्या वाटाव्यात, असं इथे खरोखर घडतं. रोम्युलस ही स्वतंत्र जात आहे असं समजूनच अठराव्या शतकात तिचं नामकरण झालं होतं, म्हणजे भले भले फसले. या रूपांमागची किल्ली 2014 मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडली: डबलसेक्स नावाचं एकच जनुक. नराच्या अंगीही ते असतं, पण त्याच्या पंखांवर त्याचा परिणाम दिसत नाही.

[पडद्यावर: फुलावर थरथरणारे पंख, संथ गतीत]

मग फोटो काढायचा कसा? ही फुलपाखरं मध पितानाही पुढचे पंख फडफडवत राहतात, त्यामुळे पंख अस्पष्ट येणारच. त्याची चिंता नको. फोकस धडावर ठेवा आणि बाजूने टिपा. अगदी वरून काढलेल्या फोटोत घात होतो, कारण कॉमन रोजचं पोटही वरच्या बाजूने काळपट असतं, लाल रंग कडांना आणि टोकाला. सावलीत तो आणखी दबतो. एकच फोटो पाठवणाऱ्यांकडे म्हणूनच "दुसरा अँगल आहे का?" अशी विचारणा होते. ती हेटाळणी नसते.

फोटोतलं झाडही पुरावा असतं. मादी कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पोट वाकवून अंडं ठेवताना सापडली, तर वाद मिटला. कॉमन रोज तिथे अंडी घालत नाही.

[पडद्यावर: प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी]

पोटाचा नियम सगळीकडे चालत नाही. रुईवर वाढणारं, नारिंगी रंगाचं, विषारी प्लेन टायगर आणि त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी यांच्यात पंखच बघावे लागतात. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात: मादीला तीन, नराला चार. एगफ्लायला एकच, तोही वरच्या कडेजवळ. ठिपके मोजता आले की काम झालं. एगफ्लायचा नर बघितलात, तर तो या मादीचा कोणी लागतो यावर विश्वास बसणार नाही. काळा कुळकुळीत, त्यावर मोठे पांढरे डाग.

[पडद्यावर: पंख मिटून बसलेलं तपकिरी फुलपाखरू]

आणि काही फोटो हात टेकायला लावतात. कॉमन क्रो आणि डबल ब्रँडेड क्रो या दोन तपकिरी फुलपाखरांच्या नरांमधला ठळक फरक पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला असतो: एकाला एक पुसट रेघ, दुसऱ्याला दोन. बसताना ही फुलपाखरं बहुधा पंख मिटून घेतात. मग त्या रेघा दिसणार कुठून? समूहात कोणी ना कोणी छातीठोकपणे नाव सांगून मोकळं होतंच. अशा फोटोखाली नुसतं 'युप्लोइया' एवढं, दोघांच्या सामायिक वंशाचं (जीनसचं) नाव लिहिणारा मला जास्त जाणकार वाटतो. आपल्या या फोटोखालीही तेवढंच लिहिलं आहे.