मागचं फाटक उघडं असतं

श्रोतेहो, नमस्कार.

“आमच्या ह्यांना कुठं पाठवू हो?” असा फोन आला की तो बहुधा बायकोचा नाहीतर बहिणीचा असतो. पिणारा स्वतः फोन करतो, तेव्हा तो ‘एका मित्रासाठी’ विचारत असतो. आम्ही समुपदेशक त्या मित्राची फार चौकशी करत नाही. पत्ता देतो. आज त्या पत्त्याबद्दलच बोलू या.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हे नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेले हे गट. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पार बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. तिथून हे सुरू झालं. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. फी नाही, फॉर्म नाही, आडनावही विचारत नाहीत. चहापाण्याचा आणि जागेचा खर्च सभासदच आपापसांत वर्गणी काढून भागवतात. बाहेरच्याची देणगी घेत नाहीत, हे मला विशेष आवडतं. आपल्याकडं कुठलंही मंडळ त्याशिवाय चालत नाही!

मीटिंग भरते ती शाळेच्या एखाद्या वर्गात, चर्चच्या आवारातल्या खोलीत, अशाच ठिकाणी. चौथीच्या मुलांच्या बाकावर पन्नाशीचा गृहस्थ गुडघे आखडून बसलेला असतो, मागं फळ्यावर सकाळची गणितं तशीच असतात. एकेक जण बोलतो. “मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे,” एवढी ओळख पुरते. मधे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही तोंड उघडलं नाहीत तरी चालतं.

पत्ता मिळवणं अवघड नाही. ए.ए.ची स्वतःची हेल्पलाइन आहे, व्यसनमुक्तीसाठी सरकारचा 14446 हा मोफत क्रमांक आहे. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून. तिथंही विचारता येतं. पण फोनवर नुसता पत्ता लिहून घेऊन थांबू नका. मीटिंग मराठीत असते का, हे विचारा. ती ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हेही विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते. आणि फाटक कुठलं, हे तर नक्कीच विचारा. शाळेचं पुढचं फाटक संध्याकाळी बंद असतं, माणसं मागच्या बाजूनं जातात. नवा माणूस पुढचं कुलूप बघतो आणि गाडी वळवतो. परत फिरायला त्याला कारण हवंच असतं. गाडी चालू, हेल्मेट डोक्यावर, असे दहा मिनिटं बाहेर थांबून निघून गेलेले कितीतरी असतात. म्हणून जमलं तर त्याच फोनवर सांगा, “मी नवा आहे, कुणी फाटकाशी थांबेल का?” बहुतेक वेळा थांबतात.

“ओळखीचं कुणी भेटलं तर?” पुण्यात हा प्रश्न हमखास येतो. भेटलं तर तोही त्याच कारणानं आलेला असणार, आणि इथलं इथंच ठेवायचं हा तिथला नियमच आहे. तरीही धीर होत नसेल, तर पहिल्यांदा लांबच्या मीटिंगला जा. हडपसरच्या माणसानं चिंचवड गाठलं तरी हरकत नाही. पुढं मात्र जवळची धरा. पावसापाण्यात ट्रॅफिक तुडवत रोज तेवढं कुणी जात नाही. माझं ऐकाल तर वेळ अशी निवडा, जी तुमची पिण्याची वेळ आहे. सातला पाय बारकडं वळत असतील, तर सातची मीटिंग. गटारी, एकतीस डिसेंबर, मित्राच्या मुलाचं लग्न, या दिवसांची मीटिंग आधीच ठरवून ठेवा.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली, तर हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. अशा माणसानं आधी डॉक्टर गाठावा. मीटिंग हा दवाखाना नव्हे. औषधानं शरीर सावरलं, की पुढची वर्षं काढायला मीटिंग लागते.

एखादा ग्रुप रुचला नाही, तर दुसरा बघा. एका ठिकाणी म्हातारी मंडळी फार, दुसरीकडं तरुण. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत अवघडल्यासारखं होतं, त्यांनी महिलांच्या किंवा ऑनलाइन मीटिंगबद्दल विचारावं. देवाचं नाव निघतं म्हणून बिचकणारेही असतात. प्रत्येकानं आपापला देव मानावा, असं तिथं सांगतात. नास्तिकही बसतात.

आणि वहिनी, ताई, तुमच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट. पिणारा मीटिंगला जायला तयार होईपर्यंत तुम्ही थांबायचं कारण नाही. त्याच्या साहेबांना “ताप आलाय” असं फोनवर कितीदा सांगितलंत? तिथं हेच करून थकलेल्या बायका तुम्हाला भेटतील.

फोन लावल्यावर काय बोलायचं सुचत नाही म्हणून राहून जातं. तर एवढंच म्हणा: “आज संध्याकाळी पुण्यात मीटिंग कुठं आहे?” मित्रासाठी विचारताय असं सांगितलंत तरी चालेल.