आवाज फाटतो तेव्हा

पडद्यावर दिसतेय ती एक साधी साइन लाट, म्हणजे एकच शुद्ध स्वर. 100 हर्ट्झची. गुळगुळीत आणि निर्विकार.

आता लेव्हल चढवू. लाटेचे माथे सर्किटच्या मर्यादेला टेकतात आणि वरून-खालून सारखेच छाटले जातात. हे क्लिपिंग. त्या छाटणीतून 300, 500, 700 हर्ट्झचे नवे स्वर उमटतात. बाहेरून काहीही मिसळलेलं नाही. ही खरखर त्याच लाटेच्या पोटातली आहे.

आता दोन स्वर एकदम सोडू, 100 आणि 130. या वेळी छाटणी फक्त एकाच बाजूने. ऐका, खाली गुरगुरतंय ते. दोघांतल्या फरकाचा, 30 हर्ट्झचा आवाज. तो कुणीच वाजवलेला नाही! इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांचे आणि गोंगाटाचे आवाज वापरणाऱ्या, संगीतातला काळोख बऱ्याचदा असाच तयार होतो, न वाजवलेल्या स्वरांतून.

1975 मध्ये इंग्लंडमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल हा गट उभा राहिला. त्यातल्या ख्रिस कार्टर यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापून आलेल्या सर्किटवरून इफेक्टचा एक डबा जोडला, ग्रिसलायझर. गिटार आणि कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) त्यातून जायचे आणि ओळखू येईनासे व्हायचे. 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये उभ्या राहिलेल्या आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या गटाने तर भंगारातलं लोखंड आणि ड्रिल मशिन मंचावर आणलं.

लोखंडाचा आवाज जवळून घ्यायचा, तर पत्र्यालाच पिझो मायक, म्हणजे थरथर थेट पकडणारा मायक, चिकटवायचा. मग हवेतला नाद बाजूला राहतो आणि धातूच्या अंगातली थरथर मिळते. ते रेकॉर्डिंग टेपवर निम्म्या वेगाने वाजवलं की स्वर एक सप्तक खाली उतरतो, आणि टोल्यानंतरचा क्षणभराचा किणकिणाट लांबलचक कण्हण्यासारखा ऐकू येतो. मला या कलेतलं सगळ्यात विलक्षण काही वाटत असेल, तर ते हेच.

पण सगळंच फाडलं की काहीच फाटलेलं वाटत नाही. कान थकतो आणि भीती विरते. आवाजाच्या या विकृतीला, म्हणजे डिस्टॉर्शनला, टेकायला शेजारी एखादा स्वच्छ आवाज लागतोच. म्हणून जाणकार मंडळी बेस दोन वाटांनी नेतात. तळाचा भाग जसाच्या तसा, म्हणजे छातीत धक्का बसतो. वरचा भाग वेगळा काढून त्याच्यावर डिस्टॉर्शन. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या, की मग फाटलेल्या वाटेचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, हळूहळू वर न्यायचा आणि बेसचा धक्का बोथट व्हायच्या आत थांबायचं.