अलिप्त म्हणजे तटस्थ नव्हे ओ!

नमस्कार मंडळी. सोलापुरातनं बोलतोय. मागं पंख्याचा आवाज येणार, चालवून घ्या. तो बंद केला तर या उन्हात मीच बंद पडेन.

मागच्या व्हिडिओखाली परत तेच: "सर, भारत कायम तटस्थच का असतो?" शीतयुद्ध, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे दोन गट, दोन्हींपासून लांब राहणारे 'अलिप्त' देश, त्यांचे पुढारी नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो, इजिप्तचे नासर, या देशांची 1961 ची बेलग्रेड परिषद, हे तुम्हाला पाठ आहे. पुढं चला. गाडी अडते ती 'तटस्थ' या शब्दावर.

तटस्थ म्हणजे स्वित्झर्लंड. 1815 साली युरोपातल्या बड्या सत्तांनी त्याच्या तटस्थतेला मान्यता दिली. युद्ध कुणाचंही असो, आम्ही लढायला येणार नाही, हे आधीच ठरलेलं. अलिप्त देश असं काही लिहून देत नाही. बड्यांच्या लष्करी गटात नाव घालणार नाही, एवढंच. बाजू घ्यायची की नाही, ते प्रकरण बघून.

आमच्या मामांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. सूत देणारे दोन व्यापारी, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मामा दोघांकडनं सूत घेतात, दोघांचा चहा पितात, आणि मागावर धागा सारखा तुटायला लागला की ज्याचं सूत त्याला तोंडावर सुनावतात. मामा अलिप्त. शेजारचे काका दारच लावून घेतात, ते तटस्थ.

तरी पटेना? 1950, कोरिया. उत्तर कोरियाचा हल्ला म्हणजे शांतताभंग, या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या ठरावाला भारतानं होकार दिला. लढाऊ फौज नाही पाठवली, पण 60 पॅरा फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी गेली. ऑगस्ट 1971 मध्ये तर सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा मैत्रीचा करार. यावर एकीनं लिहिलंय, "मग अलिप्तता तिथंच संपली की!" शाब्बास, याच्यावर अभ्यासक अजून भांडतायत.

घोळ वाढवला पेपरवाल्यांनी. मार्च 2022 मध्ये युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतासह 35 देशांनी मत दिलं नाही. मथळा आला, 'भारत तटस्थ'. अहो, ते त्या दिवसाचं, त्या ठरावापुरतं! बी.ए.ला माझ्या क्लासच्या नोट्समध्येही 'अलिप्ततावाद (तटस्थता)' असं छापलेलं. तसंच उतरवून आलो. त्या कंसानं मार्क खाल्ले माझे.

आणि "सर, ओरिजनल चादर कुठं मिळंल" विचारणाऱ्यांनो, हे राज्यशास्त्राचं चॅनेल आहे ओ. डॉ. कोटणीसांबद्दल विचारलंत, ते बरं केलंत. सोलापूरचा हा डॉक्टर 1938 ला काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातनं चीनला गेला, जपानशी युद्ध चालू असताना. देश स्वतंत्र व्हायचा होता, पण बाजू घेतलेली होती. पुढचा व्हिडिओ त्यांच्यावर.