'बजट नहीं है' हे उत्तर घटनेत बसत नाही

(इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय जरा लांबलचक छापलाय, सरकारविरुद्ध डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, मिळाली तर पैसे वसूल करायची रीत, पण मला खरं भांडायचंय ते एकाच वाक्याशी. "बजट नहीं है." कोर्टाने ठरवलेले पैसे मागायला गेल्यावर सरकारी ऑफिसात हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांनी हात वर करा बघू. बघा, अर्धा हॉल!

आधी आमच्या बाबांची गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढची कलमं डोक्यात शिरायची नाहीत. रामबागेत आमचा छोटा छापखाना होता, एक ट्रेडल मशीन, खिळे जुळवायला एक माणूस आणि बाबा, बस. एका सरकारी खात्याची रजिस्टरं छापली, बिल अडलं, शेवटी दावा लावला आणि डिक्री झाली, 42 हजार आणि वर 6 टक्के व्याज. घरात पेढे आले, आईने शेजारी वाटले. मग बाबा दर महिन्याला कापडी पिशवीत डिक्रीची नक्कल घालून सायकलने त्या ऑफिसात जायचे आणि बाबू म्हणायचा, बाबूजी, बजट आएगा तो देखेंगे. चार वर्षं हेच! थांबायचं ते फक्त तीन महिने, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

शेवटी एका वकिलांनी इजराय, म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी करा असा कोर्टाकडे अर्ज, लावायला लावली. (पुण्याचे पाहुणे बसलेत म्हणून सांगतो, तुमची दरखास्त ती आमची इजराय.) पहिला अर्ज परत आला, कारण डिक्री होती सरकारच्या नावावर आणि बाबांनी देणेकरी म्हणून साहेबांचा हुद्दा लिहिला होता. दुसऱ्या वेळी व्याजाचा रकाना कोरा राहिला. त्यात डिक्रीला दोन वर्षं उलटून गेलेली, म्हणजे आधी समोरच्याला नोटीस, त्यात आणखी काही महिने गेले. आणि मग प्रश्न आला, जप्त काय करायचं ते सांगा.

तेव्हा मी कॉलेजात होतो, बाबांबरोबर गेलो. ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून ते प्रूफच्या कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने यादी करायला लागले, लोखंडी कपाटं, टेबलं, टाइपरायटर, पंखे, आणि प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. लिहिता लिहिता एकदम थांबले आणि हळूच म्हणाले, अरे, हे नंबर ज्या स्टॉक रजिस्टरात चढवलेत ते आपणच छापलेलं आहे, ज्याचे पैसे मागतोय ना, तेच. तो कागद अजून माझ्याकडे आहे. कपाट नंबर 17 समोर त्यांनी फुली मारलीय, त्याचं दार निखळलेलं होतं आणि बाबांना मोडकी वस्तू यादीत नको होती.

जप्तीचं वॉरंट घेऊन कोर्टाचा बेलिफ ऑफिसच्या दारात उभा राहिला आणि दोन आठवड्यांत चेक आला. चार वर्षं जे बजेट नव्हतं ते दोन आठवड्यांत कुठून आलं हो? मला त्या बाबूचा राग नाही, त्यालाही वरून तेच सांगितलेलं असणार. राग याचा येतो की आमच्या बाबांसारखा माणूस चार वर्षं स्वतःच्याच पैशांसाठी हात जोडून उभा राहिला आणि राज्यघटनेत मात्र हे पैसे आधीच वेगळे काढून ठेवलेले होते. राज्यासाठी कलम 202, केंद्रासाठी 112, दोन्हीकडे लिहिलंय की कोर्टाचा निकाल, डिक्री किंवा लवादाचा निवाडा फेडायला लागणारी रक्कम हा संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित खर्च. भारित म्हणजे काय, तर सरकारने तो विनियोजन विधेयकात, म्हणजे तिजोरीतून पैसे काढायच्या विधेयकात, दाखवायचा असतो पण त्यावर आमदारांचं मत घ्यावं लागत नाही, चर्चा हवी तेवढी करा, नाही म्हणायची सोय नाही. विधानसभेला जे नाकारता येत नाही ते खिडकीवर बसून कसं नाकारतात!

1872 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, म्हटलं होतं की हिंदुस्थानात दावेदाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावर सुरू होतात, आज दीडशे वर्षं झाली. आणि 2017 मध्ये लुधियानाच्या कोर्टाने जमिनीच्या मोबदल्यापायी एका शेतकऱ्यासाठी चक्क स्वर्ण शताब्दी एक्सप्रेस जप्त करायचा हुकूम दिला, हसताय तुम्ही, पण तो माणूस पैसे मिळेनात म्हणून तिथवर गेला होता.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत, म्हणजे मुख्य विषय आता पळवावा लागणार. आता सांगतो ती कलमं आणि आदेश घटनेतले नाहीत, दिवाणी प्रक्रिया संहितेतले (सीपीसी). दाव्याच्या आधी कलम 80 ची नोटीस आणि दोन महिने, राज्य सरकार असेल तर सचिव किंवा कलेक्टर, रेल्वे असेल तर जनरल मॅनेजर, पोच जपून ठेवा. दावा कलम 79 प्रमाणे राज्याच्या किंवा भारत संघाच्या नावावर, खात्याच्या नाही. डिक्री झाली की कलम 82, तीन महिने डिक्रीच्या तारखेपासून मोजायचे, नक्कल मिळाल्यापासून नाही, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर इजराय. महापालिका, मंडळं, सरकारी कंपन्या यांना हे 82 लागू नाही, तिथे तीन महिने थांबू नका.

अर्ज आदेश 21 नियम 11 प्रमाणे, दाव्याचा नंबर, तारीख, अपील झालंय का, काही पैसे आलेत का, आजपर्यंतचं व्याज, खर्च आणि वसुली कशी हवी, एकही रकाना कोरा नको. मुदत 12 वर्षं, पण दोन वर्षांच्या आत लावलीत तर ती जादाची नोटीस वाचते. "अपील केलंय" असं सांगून थांबवतील, तर नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्टे लागतो, स्टेचा कागद मागा. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये इजराय सहा महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलंय, तो निकाल अर्जाला जोडा.

भरलेल्या अर्जाचा नमुना आणि बाबांची ती यादी दोन्ही या टेबलावर ठेवतोय, फोटो काढून घ्या, फक्त यादीचा कागद हातात घेऊ नका, पेन्सिल पुसट होत चाललीय.