पूर्वजांजवळ जाऊन निजणं

नमस्कार मंडळी. आज मी कबरींबद्दल बोलणार आहे. बायबलच्या काळात लोक आपल्या माणसांना कुठे ठेवायचे, कसं ठेवायचे, त्याबद्दल. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका, यात भीतीदायक असं काही नाही, उलट मला तर यात खूप माया दिसते.

लहानपणी आमच्या घरी रात्री जेवणाआधी बायबल वाचायचे. राजांची पुस्तकं सुरू झाली की एक वाक्य सारखं सारखं यायचं, अमुक राजा आपल्या पूर्वजांजवळ जाऊन निजला आणि त्याला दाविदाच्या नगरात, म्हणजे यरुशलेमला (जेरुसलेम), मूठमाती दिली. मला वाटायचं ही मेला म्हणायची सभ्य पद्धत असेल, आपण कसं देवाघरी गेला म्हणतो तसं. मोठी झाल्यावर त्या देशातल्या कबरींचं उत्खनन वाचायला लागले तेव्हा कळलं की ते लोक हे जवळजवळ शब्दशः म्हणत होते. पूर्वजांजवळ म्हणजे खरंच त्यांच्या शेजारी, एकाच खोलीत.

पण सुरुवात इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून करते, कारण तिथे पूर्वजच नव्हते. त्याची बायको सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात वारली आणि अब्राहामाकडे मेंढरं होती, उंट होते, नोकरचाकर होते, पण बायकोला पुरायला हातभर जमीन नव्हती. तो तिथल्या हेथी लोकांसमोर उभा राहून म्हणतो, मी तुमच्यात परका आहे, उपरी आहे, मला कबरीपुरती जागा द्या. जमिनीचा मालक एफ्रोन आधी म्हणतो अहो घ्या की फुकट, आणि मग बोलता बोलता हळूच ४०० शेकेल (चांदी तोलायचं त्या काळचं माप) चांदीचा आकडा टाकतो, वर म्हणतो तुमच्या माझ्यात एवढ्याचं काय! अब्राहाम घासाघीस करत नाही. गावच्या वेशीत सगळ्यांसमोर चांदी तोलून देतो, आणि शेत, मकपेलाची गुहा, शेताच्या हद्दीतली झाडंसुद्धा, सगळं पक्कं करून घेतो. आता बघा, पुढे कितीतरी शतकांनी यिर्मया संदेष्टा अनाथोथ गावचं शेत घेतो ते १७ शेकेलला. म्हणजे ४०० ही रक्कम दुःखात असलेल्या माणसाकडून घेतलेली होती असं मला तरी वाटतं. देवाने त्याला सगळा देश देईन म्हणून सांगितलेलं, आणि हातात आलेला पहिला तुकडा म्हणजे बायकोची कबर. पुढे तिथेच अब्राहाम, त्याचा मुलगा इसहाक, सून रिबका, नातसून लेआ. नातू याकोब तर मिसरात, म्हणजे इजिप्तमधे, वारला, तिथल्या वैद्यांनी ४० दिवस लावून त्याच्या शरीराला मसाला भरला आणि मुलांनी त्याला एवढ्या लांबून उचलून मकपेलाला आणलं, कारण त्याने मरताना पत्ता सांगून ठेवला होता, अमक्या शेतातली अमकी गुहा, अमक्याकडून विकत घेतलेली. याकोबाची दुसरी बायको राहेल मात्र बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेली आणि तिथेच राहिली, याकोबाने वर एक दगडी स्तंभ उभा केला. आणि रिबकेची दाई दबोरा, तिला बेथेलजवळ एका झाडाखाली पुरलं तर त्या झाडाचं नावच रडण्याचं झाड पडलं. एका दाईसाठी! मला हे वाचलं की दरवेळी भरून येतं.

आता त्या खोलीकडे येते. यहूदाच्या राजांच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या सातव्या शतकात, यरुशलेमच्या आसपास ज्यांना परवडायचं ते खडक खोदून घराण्याची कबर करायचे. छोटं दार, वाकून आत जायचं, आत तीन बाजूंना खडकातच कोरलेले ओटे. कुठे कुठे तर डोकं टेकायला उशीसारखी खाच कोरलेली. शवपेटी नाही. माणसाला कापडात गुंडाळून ओट्यावर निजवायचं, बाजूला दिवा, मडकी, सुगंधी तेलाची कुपी. मग काही वर्षांनी घरात दुसरं कोणी गेलं आणि ओटा हवा असला की आधीच्याची हाडं गोळा करून ओट्याखालच्या खड्ड्यात ठेवायची, जिथे आजोबा पणजोबांची हाडं आधीच असायची, आणि मोकळ्या झालेल्या ओट्यावर नव्याला निजवायचं. हे झालं पूर्वजांजवळ जाऊन निजणं. गरिबांना अर्थात हे कुठलं, त्यांच्यासाठी साधा मातीतला खड्डा, किद्रोनच्या ओढ्यात सामान्य लोकांच्या कबरी होत्या असा उल्लेख आहे, आणि त्यातलं आज फारसं काही शिल्लक नाही.

अशीच एक खडकातली कबर १९७९ साली यरुशलेमच्या हिन्नोम खोऱ्याच्या काठावर गॅब्रिएल बार्काय नावाच्या संशोधकांनी खोदली. बाकीच्या कबरी लुटलेल्या होत्या, पण एका ओट्याखालच्या खड्ड्यावर छताचा भाग पडून तो झाकला गेलेला, त्यामुळे चोरांना तो दिसलाच नाही. आत ९५ माणसांची हाडं आणि हजाराच्या वर वस्तू. त्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या होत्या, गळ्यात ताईत घालतात तशा. त्या अतिशय जपून उलगडल्या तर आत कोरलेलं होतं, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. बायबलमधल्या गणना या पुस्तकातला याजकांचा आशीर्वाद, जो आमचे पाळक साहेब दर रविवारी उपासना संपताना हात वर करून देतात! बायबलमधल्या मजकुराचा हातात आलेला हा सगळ्यात जुना नमुना आहे, मृत समुद्राजवळच्या गुहांत मिळालेल्या बायबलच्या प्रसिद्ध हस्तलिखित गुंडाळ्यांपेक्षाही काही शतकं जुना, आणि तो मिळाला कुठे तर कुणाच्यातरी गळ्यातून निघून घराण्याच्या हाडांच्या खड्ड्यात.

समोरच्या बाजूला सिलवान गावात एक कबर आहे, तिच्या दारावरचा लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आहे. १८७० साली सापडला पण १९५३ पर्यंत कुणाला नीट वाचता आला नव्हता, मग नहमान अविगाद यांनी वाचला. राजवाड्याच्या कारभाऱ्याची कबर आहे, नावाचं फक्त शेपूट उरलंय, याहू. यशया संदेष्टा ज्या शेबना कारभाऱ्याला झापतो तोच हा असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. यशया त्याला काय विचारतो बघा, तुझं इथे कोण आहे, तू इथे उंचावर कबर खोदून घेतोस ती? मला हा प्रश्न आधी नुसता श्रीमंतीवरचा राग वाटायचा. आता वाटतं त्यात तेच जुनं आहे, तुझी माणसं कुठे आहेत. आणि त्या दगडावर लिहिलंय काय, तर इथे चांदी सोनं नाही, फक्त याची हाडं आहेत आणि त्याच्यासोबत त्याच्या दासीपत्नीची, जो उघडेल त्याला शाप. म्हणजे त्याचंही कोणीतरी होतं हो तिथे.

येशूच्या काळापर्यंत पद्धत थोडी बदलली. भिंतीत लांब आडवे कप्पे खोदायचे, त्यात माणसाला सरकवायचं, आणि साधारण वर्षभराने हाडं सावडायची. सावडणं हा आपलाच शब्द वापरते, फरक एवढाच की त्यांच्याकडे अग्नी नाही आणि विसर्जन नाही, हाडं चुनखडीच्या दगडी पेटीत ठेवायची, पेटीची लांबी मांडीच्या हाडाएवढी, वर नाव खरडलेलं. १९९० मधे यरुशलेमला बांधकाम करताना अशी नक्षीदार पेटी निघाली, तिच्यावर योसेफ बर कयफा असं नाव आणि आत साठीच्या माणसाची हाडं, आणि हा येशूची चौकशी करणारा महायाजक कयफाच असं बहुतेकजण मानतात. त्याआधी १९६८ मधे निघालेल्या एका पेटीत योहानान नावाच्या माणसाच्या टाचेच्या हाडात वाकलेला खिळा तसाच होता. वधस्तंभावर मारलेला माणूस. रोमन लोकांनी त्याचं जे करायचं ते केलं, पण घरच्यांनी त्याला उतरवून आणलं, पुरलं, वर्षाने परत जाऊन हाडं सावडली, पेटीवर नाव लिहिलं.

बाकी विधी सगळे घाईचे. गरम देश, आणि नियमशास्त्राप्रमाणे टांगलेल्या माणसालासुद्धा त्याच दिवशी पुरायचं. नाईन गावात विधवेच्या मुलाला तिरडीवर गावाबाहेर नेत होते तेव्हा येशू भेटला. रडायला बायका बोलवायच्या, पावेवाले बोलवायचे, यहुदी परंपरेत तर असं सांगितलंय की अगदी गरिबानेही बायको गेली तर निदान दोन पावे आणि एक रडणारी बाई आणावी. कबरीला हात लागला तर माणूस सात दिवस अशुद्ध, म्हणून वल्हांडणाच्या सणाआधी कबरींना चुना फासायचे, बाहेरगावच्या यात्रेकरूंना लांबून दिसावं म्हणून. चुना लावलेल्या कबरी हे येशूचे ढोंगी लोकांबद्दलचे शब्द ऐकणाऱ्यांनी ते रस्त्यात नुकतंच बघितलेलं असणार.

आणि येशूच्या कबरीच्या दारावरची ती शिळा. आमच्याकडे ईस्टरच्या चित्रात ती कायम गाडीच्या चाकासारखी गोल असते. त्या काळच्या यरुशलेमच्या ९०० वर कबरी तपासल्या गेल्यात आणि खरी गोल शिळा जेमतेम चार ठिकाणी, राजघराण्यांच्या नाहीतर फार श्रीमंतांच्या. बाकी सगळीकडे चौकोनी दगड, बाटलीला बूच बसवावं तसा. ज्याच्या कबरीत येशूला ठेवलं त्या अरिमथाईच्या योसेफाकडे कुठली होती सांगता येत नाही, माणूस श्रीमंत होता. पण मला जास्त लागतं ते वेगळंच. ती कबर नवी होती, तिच्यात आधी कुणालाही ठेवलेलं नव्हतं. म्हणजे येशू पूर्वजांजवळ निजला नाही, दुसऱ्याच्या घराण्याच्या जागेत एकटा ठेवला गेला, आणि त्याचा अनुयायी निकदेम याने आणलेला गंधरस आणि अगरू तेवढा बरोबर, आजच्या मापाने तीस किलोच्या वर.

बायबलमधली रूथ आठवते का? ही मवाब देशातली सून सासूला म्हणते, तू मरशील तिथे मी मरेन आणि तिथेच मला मूठमाती मिळेल. आपण लग्नात हे वाचतो गोड म्हणून, पण त्या काळी घराण्याची कबर म्हणजे काय हे कळलं की समजतं तिने सासूला किती मोठी गोष्ट दिली ते, स्वतःच्या आईबापाच्या हाडांजवळची जागा सोडली तिने.

जाता जाता आपल्याजवळचं एक सांगते. अलिबागजवळ नवगावला समुद्राकाठी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची जुनी दफनभूमी आहे. ते लोक आजही सांगतात की आमचे पूर्वज गलबत फुटून इथे लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकी बुडाले, आणि वाचलेल्यांनी किनाऱ्यावर आलेली प्रेतं तिथेच पुरली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. घराण्याची गुहा नाही, ओटा नाही, भाषा येत नाही, गाव ओळखीचं नाही. अब्राहामासारखीच त्यांचीही या देशातली पहिली जागा कबरीची. मग ते तिथेच कोकणात राहिले, तेलाचे घाणे घातले, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले, आणि बोलायला लागले मराठी. अलिबागला गेलात तर नवगावला नक्की जाऊन या, आवाज न करता थोडा वेळ बसा. नमस्कार.