सही किंवा अंगठा

[दृश्य: भर दुपार. डांबरी रस्ता सोडून गावात शिरणारी वाट. गुलाबी नऊवारीतल्या तीन म्हाताऱ्या, पाठीला दप्तर.]

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालं की वाटेत मुरबाड लागतं. ठाणे जिल्ह्यातल्या या तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. थोडी घरं, भाताची खाचरं, आणि नकाशात दोनदा शोधावं लागेल एवढाच जीव. पण दुपारी दोनच्या सुमाराला इथल्या घराघरातून गुलाबी लुगडी बाहेर पडतात. दप्तरात पाटी. एकीचा गुडघा कुरकुरतोय, दुसरी काठी टेकत येते, तिसरी कमरेतून वाकलेली. घरात भांडी घासून झालीत, ढोरांना पाणी दाखवून झालंय. आता चारपर्यंत शाळा.

ही आजीबाईंची शाळा. विद्यार्थिनींचं वय साठ ते नव्वद.

आमच्याआधी इथं पुष्कळ कॅमेरे येऊन गेले. देशातले, परदेशातले. गुलाबी रंग कॅमेऱ्याला फार आवडतो, आणि बोळक्या तोंडानं म्हटलेली बालगीतं त्याहून जास्त. दोन मिनिटांत गोड बातमी तयार होते. आम्हालाही तो मोह झाला, नाही कशाला म्हणा! म्हणून आधीच ठरवलं, लुगड्यांपेक्षा हातांकडे बघायचं.

[दृश्य: पाटी आणि हात, अगदी जवळून.]

हा हात बघा. भाताची लावणी करताना रोप तीन बोटांत धरून चिखलात खोचायचं असतं. विळ्याला मूठ लागते. जात्याच्या खुंट्याला तळवा लागतो. पाटीवरची पेन्सिल यातल्या कशातच बसत नाही. ती चिमटीत धरायची, आणि जोर लावायचा नाही. आयुष्यभर ज्या हाताला जोर लाव म्हणून सांगितलं, त्याला आता जोर लावू नको म्हणून सांगायचं. पेन्सिल करकरते. मोडते. उरलेला तुकडा इतका लहान, की तो बोटांतच हरवतो.

मग ग, म, भ, न. बालवाडीतलं पोर हे चार आकार खेळता खेळता उचलतं. इथं प्रत्येक आकार जमिनीतला दगड काढावा तसा काढावा लागतो. सगळ्यात छळतात म आणि भ. म डोक्यावरून पदर पुरता घेतो, भचा पदर मध्येच सरकलेला असतो. घ आणि धचं तेच. एवढ्याशा फटीवर सगळा अर्थ, आणि ती फट दिसायला डोळे हवेत. चाळिशी हा आपल्या भाषेतला किती नेमका शब्द! पण ज्या बाईला कधी वाचायचंच नव्हतं, तिला चाळिसाव्या वर्षी चष्मा कोण आणून देणार? तांदूळ निवडताना खडा बोटालाही कळतो. अक्षर बोटाला कळत नाही.

[दृश्य: जुनी, कोरी पाटी. तिच्यावर एकेक साल उमटत जातं.]

आता थोडा हिशेब करू. शाळा सुरू झाली २०१६ साली. तेव्हा सत्तरीची असलेली बाई घ्या. जन्म १९४६चा. ती चार वर्षांची होती तेव्हा राज्यघटना लागू झाली. घटनेच्या ४५व्या कलमात म्हटलं होतं, की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. मुदत संपली १९६०ला. तिला चौदा पूर्ण झाली तीही १९६०लाच. म्हणजे ती सगळी दहा वर्षं नेमकी तिच्या शाळेची होती. त्या वर्षांत ती काय करत होती? ढोरं राखत होती, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत होती, आणि बहुतेक लग्नाला उभी राहिली होती.

१९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गावच्या गाव साक्षर करायचं आणि मग समारंभ करून तसं जाहीर करायचं, अशी ती मोहीम. पुढे इतर जिल्ह्यांतही गेली. पण साक्षर झालेलं माणूस वाचायला काही मिळालं नाही तर दोन-तीन वर्षांत पुन्हा अंगठ्यावर येतं, हेही तेव्हाच कळून चुकलं.

मग ५ मे १९८८. राष्ट्रीय साक्षरता मिशन. शिकवायचं कुणाला? वय वर्षं १५ ते ३५. आपली बाई तेव्हा बेचाळीस वर्षांची. योजना आखणाऱ्यांचं गणित समजण्यासारखं आहे. पैसा मोजका, तेव्हा ज्यांच्यापुढे कामाची वर्षं आहेत त्यांच्यावर तो खर्च करावा. पण लहानपणी जी राहिली, तीच पुन्हा राहिली. या खेपेला वय वाढलं म्हणून. आणि १ एप्रिल २०१०ला शिक्षणाचा हक्क आला तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. बाई चौसष्ट. दर वेळी गाडी फलाटावर लागते, आणि दर वेळी डबा तिच्यापुढून निघून जातो.

[दृश्य: देवळासमोरचा मांडव. पोथीवर फिरणारं एक बोट.]

फांगण्यात गोष्ट सुरू झाली ती अशी कुठली योजना येऊन नव्हे. २०१६च्या शिवजयंतीला गावात पोथीवाचन चाललं होतं. म्हाताऱ्या ऐकायला बसल्या होत्या. आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असा विषय निघाला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानावर पडला, आणि त्यांनी तो कानाआड केला नाही. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं लुगडी, दप्तरं, पाट्या दिल्या, आणि ८ मार्चला, महिलादिनी, वर्ग भरला. मागणी आली होती पोथी वाचायची. नोकरीची नाही, दाखल्याची नाही.

शिकवायला कोण? गावातलीच एक सून, दहावीपर्यंत शिकलेली. तिची सासूही याच वर्गात. घरी चूल कशी सारवायची, भाकरी किती पातळ हवी, हे जिनं सांगितलं, तिला इथं ही सांगणार, की वेलांटी डावीकडून द्यायची ती पहिली आणि उजवीकडून द्यायची ती दुसरी. सासवा-सुनांवर मराठीत जेवढं लिहून झालंय, तेवढ्यात हा प्रकार आलेला नव्हता! वर्गात हजेरी होते, प्रार्थना होते, पाढे म्हटले जातात. अंगणात प्रत्येकीनं लावलेलं एकेक झाड आहे. त्याला पाणी घालणं हाही अभ्यासच.

[दृश्य: लुगड्याच्या घडीतून निघणारी, चौकोनी दुमडलेली नोट.]

शाळा सुरू झाली ८ मार्चला. बरोबर आठ महिन्यांनी, ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. त्याची चर्चा खूप झाली. पण एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. आकडा न वाचणारा माणूस नोट रंगावरून आणि आकारावरून ओळखतो. नवी पाचशेची नोट करड्या रंगाची आली, लहानही झाली. दोन हजाराची गुलाबी. मग पन्नासची निळी, दोनशेची पिवळी, दहाची चॉकलेटी, शंभरची जांभळट. दोन वर्षांत सगळ्या ओळखी पुसल्या गेल्या. बाजारात हातावर पडलेल्या सुट्या पैशांचा भरवसा उरला तो एकाच गोष्टीवर, नोटेवरच्या आकड्यावर. पाच आणि त्यापुढे दोन शून्यं. एक आणि त्यापुढे एक शून्य. ज्यांना तेवढं वाचता येत होतं, त्या निभावल्या.

[दृश्य: शाईचा डबा. निळा अंगठा.]

आणि अंगठा. बँकेच्या, रेशनच्या, जमिनीच्या प्रत्येक कागदावर तळाला छापलेलं असतं, 'सही किंवा अंगठा'. त्या 'किंवा'च्या पलीकडे ही सगळी माणसं. अंगठा उठवायचा तर कुणीतरी हात धरतं. तो शाईत दाबतं, कागदावर लोळवतं. मग साक्षीदार लागतो. मग शाई पुसायला काही मिळत नाही, म्हणून ती पदराला. अंगठेबहाद्दर हा शब्द कुणी समोर उच्चारायची गरजही पडत नाही.

यातला अजब भाग पुढे आहे. रेशनच्या दुकानात आता अंगठा यंत्रावर ठेवायचा असतो. शिकलेल्यांनी, न शिकलेल्यांनी, सगळ्यांनीच. आणि नेमका यांचाच अंगठा यंत्राला वाचता येत नाही! राख-मातीनं भांडी घासून, ऊस-भात कापून, गोवऱ्या थापून बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. यंत्र नाही म्हणतं. पुन्हा ठेवा म्हणतं. जन्मभर ज्याच्यावर काम भागवलं, तो अंगठाही गेला. सही आली म्हणून ते यंत्र ऐकत नाही, हेही खरंच. शाळेनं सगळे प्रश्न सुटले असं सांगायला आम्ही आलेलो नाही.

बँकेत मात्र फरक पडतो. सही करायला वेळ लागतो. नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. आधी सगळी अक्षरं सुटी सुटी, मग वरून एकच लांब रेघ, दोरीवर कपडे टाकावेत तशी. मागे रांग चुळबुळते. चुळबुळू दे.

[दृश्य: आफ्रिकेतलं पठार. लाल मातीची वाट.]

असा विद्यार्थी केनियातही होता. किमानी मारुगे. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यात उतरलेला शेतकरी. जन्माचा दाखला नाही, पण वय सांगायचे ८४. सरकारनं २००३ साली प्राथमिक शाळेची फी काढून टाकली. हे ऐकून जानेवारी २००४ मध्ये ते एल्डोरेटजवळच्या शाळेत पहिलीत नाव घालायला गेले. हाफ पँट, लांब मोजे, आणि बाकावर शेजारी सहा वर्षांची पोरं. त्यांना बायबल स्वतः वाचायचं होतं. फांगण्यातल्या पोथीची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट. गिनीज बुकात नोंद झाली, संयुक्त राष्ट्रांत भाषणाला ते न्यूयॉर्कला गेले, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. नंतर देशात दंगली उसळल्या, २००८ साली छावणीत राहायची पाळी आली, तरी शाळेत जात राहिले. २००९च्या ऑगस्टमध्ये वारले.

आणि केरळातल्या आलप्पुळा जिल्ह्यातल्या कार्त्यायनी अम्मा. २०१८च्या साक्षरता परीक्षेत वय ९६, गुण शंभरपैकी ९८.

आपल्याकडेही आता वयाची वरची अट गेली आहे. २०२२पासूनच्या 'उल्लास' या नव्या साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढचं कुणीही चालतं. १७ मार्च २०२४ला परीक्षा झाली, वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुणांची. आपल्या हिशेबातली बाई, असलीच तर, तेव्हा अठ्ठ्याहत्तरची.

[दृश्य: पाऊस. खाचरात वाकलेल्या पाठी. ओस वर्ग.]

फांगण्याच्या गोड बातमीत एक गोष्ट येत नाही. विसरणं. काल गिरवलेलं अक्षर आज अनोळखी होतं. पाऊस लागला की लावणीची घाई, वर्ग पातळ होतो. सण, लग्न, मयत, दुखणं. महिनाभरानं पाटी हातात घेतली की भ पुन्हा म झालेला असतो. मोहिमांना हे परवडत नाही, त्यांना तारीख गाठायची असते. इथं तारीख नाही. पुन्हा ग, पुन्हा म.

[दृश्य: हरिपाठाचं पुस्तक, मोठ्या टायपातलं. त्यावर बोट.]

या बायकांना पांढऱ्यावर काळं करता येत नव्हतं, पण पाठांतर म्हणाल तर तुम्ही-आम्ही शरमावं असं. ओव्या, आरत्या, हरिपाठ, सगळं तोंडपाठ. म्हणून वाचायला बसलं की घोटाळा होतो. बोट पहिल्या ओळीवर असतं आणि तोंड तिसऱ्या ओळीवर पोचलेलं असतं. शिकवणारी हसत बोट धरते, मागे नेते, पहिल्या शब्दावर ठेवते. आता म्हणायचं नाही, बघायचं. जीभ आवरत नाही. पुन्हा मागे.

आणि मग कधीतरी बोट एका शब्दावर अडतं. इतकी वर्षं म्हणत आलो तो शब्द इथं नाही. दुसराच काहीतरी आहे. अक्षरं एकेक करून जुळवली जातात. काना. मात्रा. जोडाक्षर. पुन्हा पहिल्यापासून. शेजारणीला विचारलं जातं, तीही डोळे बारीक करून बघते. शब्द हलत नाही.

छापणाऱ्याचं चुकलं असणार, असं म्हणून पान उलटलं जातं.